भिंतीची ओल काढायला मायक्रोवेव्ह मशीन, कोणी वापरलंय का? (पुरानंतरची घरं, मराठवाडा)

मांजराकाठचा

राम राम मंडळी. आमचं गाव कळंब तालुक्यात, मांजरेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात घरात मांडीएवढं पाणी आलतं, ते उतरलं, गाळ काढला, फरशा धुतल्या, दिवाळी झाली, तुळशीचं लगीन झालं तरी भिंती काही वाळायला तयार नाहीत. घराचे दोन भाग आहेत, मागं आज्याच्या काळातलं दगड-मातीचं माळवद (वर मातीचं धाबं असलेलं घर), भिंत दोन फुटाच्या वर रुंद, अन् पुढं नंतर बांधलेल्या दोन खोल्या वीट-सिमेंटच्या, नऊ इंची. गंमत म्हणजे पुढच्या खोल्यांची ओलच जास्त. कमरेएवढा पट्टा काळा पडलाय, रंगाचे पोपडे निघायलेत, हात फिरवला की पांढरं पीठ. चैत्रात बहिणीचं लगीन आहे, पाव्हणे याच खोल्यात उतरणार.

आता मुद्दा. एका पार्टीचा माणूस येऊन गेला, मायक्रोवेव्हचं मशीन भिंतीला लावून ओल आतून काढून देतो म्हणायलाय, आठ दिवसात भिंत कोरडी, गॅरंटी. चौरस फुटाला जो भाव सांगितला त्यात जुना गिलावा काढून नवा करून वर रंग सुद्धा झाला असता. मामाचा पोरगा म्हणतोय कशाला पैसे घालता, आपला बिघडलेला ओव्हन खोलून त्याचंच मशीन करू, मोबाईलवर व्हिडिओ आहेत. माय म्हणायली उन्हाळा येऊ द्या, आपोआप वाळंल. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

निवांत_नांदेड

वाचायलोय. गोदावरीच्या बाजूनं आमच्याकडं पण हीच बोंब आहे.

वेव्हगाईड

मामाच्या पोराला आधी थांबवा, बाकी नंतर बोलू.

ओव्हनच्या पोटात दोन हजार व्होल्टच्या आसपास देणारा ट्रान्सफॉर्मर असतो आणि एक कपॅसिटर असतो जो पिन काढल्यावर सुद्धा चार्ज धरून बसू शकतो. अमेरिकेत हाच ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळायच्या नादात कित्येक माणसं जागेवर गेलीत, व्हिडिओ बघूनच शिकलेली. आणि समजा शॉक नाही बसला, तरी मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहर तयार करणारा भाग, त्या लोखंडी पेटीच्या बाहेर चालवला म्हणजे सातशे-आठशे वॅट उघड्यावर सोडले. घरच्या ओव्हनमधून पाच सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त ५ मिलिवॅट गळती चालते असा नियम आहे, त्याच्या कितीतरी पट पुढं जाईल ते. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो त्यामुळं तिथली उष्णता लवकर निघत नाही, मोतीबिंदूची भीती म्हणतात ती यामुळं. तर हा विषय बंद.

आता मशीन खरं आहे का, तर आहे, थोतांड नाही. २.४५ गिगाहर्ट्झची लहर, लांबी सव्वाबारा सेंटिमीटर, तीच जी ओव्हनमध्ये असते. मॅग्नेट्रॉनला पत्र्याचं कर्ण्यासारखं तोंड बसवतात, त्याला हॉर्न अँटेना म्हणतात, ते भिंतीला जवळजवळ टेकवून चालवतात. पाण्याच्या रेणूचं एक टोक थोडं धन एक थोडं ऋण, त्यामुळं बदलत्या क्षेत्राबरोबर तो सेकंदाला अब्जावधी वेळा वळायची धडपड करतो, आणि त्या धडपडीतनं उष्णता तयार होते. पाण्याची नेमकी हीच फ्रिक्वेन्सी आहे म्हणून निवडली असं सगळीकडं लिहिलेलं असतं, ते चूक आहे, पाणी सगळ्यात जास्त शोषतं ते याच्या बरंच वर, हा पट्टा उद्योगधंद्यासाठी मोकळा ठेवलेला आहे एवढंच. उलट पाण्यानं अजून जोरात शोषलं असतं तर सगळी ताकद वरच्या थरातच संपली असती.

कामाची गोष्ट अशी की कोरडी वीट ही लहर फारशी खात नाही, ओली वीट खाते, म्हणजे जिथं ओल आहे तिथंच तापतं. हीटर लावला तर आधी पृष्ठभाग तापतो, इथं आतलं पाणी तापतं आणि वाफेचा दाब त्याला बाहेर ढकलतो. हा खरा फायदा आहे.

अवांतर: मॅग्नेट्रॉनची ही जात १९४० ला बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी रडारसाठी तयार केली, शेंगदाणे भाजायला नाही.

शंकासुर

म्हणजे लग्नघरात रेडिएशन सोडायचं?? भिंतीत ते राहणार नाही कशावरून, नंतर त्याच भिंतीला टेकून लेकरं झोपणार. काहून विषाची परीक्षा घ्यावं.

वेव्हगाईड

@शंकासुर, मशीन बंद झालं की लहर संपली, भिंतीत गरमपणा सोडून काही उरत नाही. एक्सरेसारखी अणूतला इलेक्ट्रॉन उडवायची ताकद हिच्यात नाही. चालू असताना मात्र तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे. भिंत वाळत जाईल तसं लहर आरपार पलीकडच्या खोलीत निघते, त्यामुळं दोन्ही बाजू रिकाम्या लागतात. पार्टीच्या माणसानं पलीकडच्या खोलीबद्दल काही विचारलं का?

मांजराकाठचा

नाही विचारलं. पलीकडं तर शेजाऱ्याची सामाईक भिंत आहे, त्यांची म्हातारी खाटेवर तिथंच टेकून बसलेली असती.

जालना_ते_ब्रनो

मूळचा जालन्याचा, सध्या चेकियात. इकडं १९९७ ला मोराव्हिया बुडालं होतं आणि २००२ ला प्राग, त्यामुळं भिंती वाळवणं हा इथं मोठा धंदाच आहे आणि मायक्रोवेव्हची मशिनं लोकांना माहीत आहेत. पण वापरायची रीत बघा. घर रिकामं करतात, दोन्हीकडनं दोरी लावून अडवतात, पलीकडच्या बाजूला जाळी किंवा पत्रा लावतात, हातात गळती मोजायचं मीटर असतं, आणि थोडा वेळ चालू-थोडा वेळ बंद करत भिंतीचं तापमान बघत बघत पुढं सरकतात. एकदम ताकद लावली की आत वाफ कोंडती आणि गिलाव्याचा तुकडा उडतो. जिप्सम किंवा पीओपी असेल तर अजून जपून, कारण जिप्समच्या रचनेतच पाणी असतं, ते जास्त तापवलं की तेच निघून जातं आणि पीओपीचा भुगा होतो.

आणि मुख्य म्हणजे इथं हे करतात कारण इथला हिवाळा. बाहेर शून्याच्या खाली, हवा भिंतीचं पाणी घेतच नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे मशीन विकणारा भेटला याचंच मला हसू आलं.

परभणीकरीण

हसू नका हो, ज्याच्या घरात ओल त्यालाच कळतं. आमच्याकडं गोधड्यांना बुरशी लागलीय, सासूबाईंना दम्याचा त्रास, रात्ररात्र खोकतात.

मांजराकाठचा दादा, तोवर एवढं करा, कपाटं आणि दिवाण भिंतीपासून वीतभर ओढून ठेवा, समोरासमोरच्या खिडक्या दुपारी उघड्या ठेवा, टेबल फॅन भिंतीकडं तोंड करून लावा. कूलर चुकून पण नको, तो खोलीत पाणीच सोडतो. बुरशी कोरड्या फडक्यानं झटकू नका, तोंड बांधून ओल्या फडक्यानं पुसा, कारण मेलेली बुरशी पण छातीला बाधते.

थापीवाला

मी गवंडीकाम करतो, बापापासून तेच काम. मशीन-बिशीन मला कळत नाही पण भिंत कळती. तुमच्या पुढच्या खोल्यांचीच ओल जास्त काहून, ते बगा. माळवदाच्या भिंतीला आतून मातीचा नाहीतर चुन्याचा लेप असंल, ती भिंत श्वास घेती, पुराचं पाणी पिली अन् हळूहळू सोडून देती. पुढं तुम्ही सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी, वर प्लास्टिक पेंट, म्हंजी पाणी आत कोंडलं. एक काम करा, थापीच्या मुठीनं भिंत ठोकत चला, खालून वर. जिथं टणटण वाजतंय तिथं गिलावा धरून आहे, जिथं बद्द वाजलं तिथं सुटलाय. सुटलेल्याला मशीन लावा नाहीतर पूजा घाला, तो पडणारच.

अन् ते पांढरं पीठ म्हंजी लोणा. गावठाणची पांढरीची माती, पिढ्यान्‌पिढ्या जनावरांचं मूत-शेण मुरलेलं, तिच्यातला खार पाण्याबरोबर भिंतीत चढतो, कंदिलाची वात तेल ओढती तसा. जुने लोक याच मातीतून सोरा काढायचे. पाणी हवेत उडून जातं, खार मागं राहतो, अन् खडा धरताना विटेची माती करतो. मशीननं पाणी उडंल, खार कुठं जाणार? तो तर अजून वर येऊन बसंल. अन् खार हवेतली दमट ओढतो, म्हणून पावसाळ्यात गळती नसली तरी भिंत परत काळी.

लोणा धुवायचा नसतो हे पण सांगून ठेवतो. कोरड्या ब्रशनं झाडायचा, खाली पोतं अंथरायचं अन् झाडलेलं लांब नेऊन टाकायचं. धुतला की परत आत.

निवांत_नांदेड

थापीवाला +१. आमच्या मिस्त्रीनं लोण्यावरच पुट्टी मारली, संक्रांतीला मारली अन् पोळ्याला खाली.

सिव्हिलवाला_लातूर

थोडा हिशोब मांडतो म्हणजे आठ दिवसाच्या गॅरंटीचं काय ते कळेल.

दहा बाय दहा फुटाची एक नऊ इंची भिंत धरा. दोन घनमीटरच्या वर भरती, वजन पावणेचार टनाच्या आसपास. विटेच्या वजनाच्या दहा टक्के पाणी धरलं तरी पावणेचारशे लिटर झालं, एका भिंतीत. पुरात बुडालेल्या विटेत याहून जास्त मावतं, साध्या विटेला आपला आयएस कोड (भारतीय मानक) वीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ देतो. एक लिटर पाणी ३० अंशावरून १०० ला नेऊन वाफ करायला साधारण ०.७ युनिट उष्णता लागते, हा निसर्गाचा दर आहे, कुठली कंपनी यात सूट देऊ शकत नाही. मॅग्नेट्रॉन विजेतली साठ-पासष्ट टक्केच लहरीत बदलतो, म्हणजे मीटरवर लिटरला १.१ युनिटच्या खाली फारसं नाही. एका भिंतीला चारशे-साडेचारशे युनिट. आणि भिंतीवर एक किलोवॅट टाकणारं मशीन तासाला दीड लिटरच्या आतच वाफ करणार, म्हणजे पावणेचारशे लिटरला अडीचशे तासाच्या वर. काही पाणी वाफेच्या दाबानं पाणी म्हणूनच बाहेर येतं, सगळं काढायची गरज पण नसते, ते धरून निम्मं करा. तरी आठ दिवसात आठ भिंती कशा होणार ते पार्टीनं सांगावं.

आता मायच्या म्हणण्याचा हिशोब. ऑगस्टमधली हवा, २५ अंश आणि नव्वद टक्के दमट, एका घनमीटरला जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम पाणी अजून घेऊ शकते. आपल्याकडची एप्रिलची दुपार, ४० अंश आणि वीस टक्के, तीच घनमीटरभर हवा कागदावर चाळीस ग्रॅम घेते. सतरा-अठरा पट. आणि लाईटबिल शून्य. आता मार्गशीर्षातली हवा पण कोरडीच आहे, तेरा-चौदा ग्रॅम तरी घेईल, फक्त गिलाव्याचं आणि पेंटचं झाकण काढलं पाहिजे. जाड भिंतीला महिन्याला इंचभर असा जुना ठोकताळा आहे, तो थंड देशातला, आपल्याकडं दोन्ही बाजू उघड्या केल्या तर याहून बरं व्हायला हरकत नाही.

एक विचारतो, त्या माणसानं दोन पिनांचं मीटर भिंतीला लावून लाल दिवा दाखवला का?

मांजराकाठचा

हो! जिथं लावलं तिथं लाल. मागच्या माळवदाच्या भिंतीला लावलं तिथं पण लाल.

सिव्हिलवाला_लातूर

वाटलंच. ते मीटर दोन पिनांमधला विजेचा अवरोध बघतं, आणि त्याचे आकडे लाकडासाठी जुळवलेले असतात. खारवट भिंतीतनं वीज सहज जाते त्यामुळं लोणा लागलेली भिंत बऱ्यापैकी वाळली तरी लाल दाखवते. विकायला झकास यंत्र आहे.

खरं मोजायचं तर घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हन इथं कामाला येतो, कोणाचाही चालू असलेला, न खोलता. मातीतलं पाणी मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मोजायची एएसटीएम डी ४६४३ म्हणून अमेरिकन पद्धतच आहे, आपल्या कोडात साधी १०५ ते ११० अंशाची भट्टी सांगितलीय पण घरी कोण लावणार. छन्नीनं गिलावा काढा, विटेचा दोन-अडीच इंच आतला तुकडा घ्या, लगेच पिशवीत घालून गाठ मारा, सोनाराच्या काट्यावर वजन करा. मग बारीक फोडून काचेच्या भांड्यात, कमी पॉवरवर, थोडा वेळ चालवून थांबायचं, परत वजन, घटायचं थांबेपर्यंत. मोठा तुकडा आणि फुल पॉवर नको, फुटतो. एक तुकडा जमिनीलगतचा, एक छातीच्या उंचीचा, आणि हेच दुसऱ्या भिंतीवर.

वेव्हगाईड

हे आवडलं. आणि तुकड्यात तारेचा तुकडा नाही ना बघा. भिंतीत पण तेच, कॉलमची सळई, लाईटची पट्टी, जुने खिळे, सगळ्यावरून लहर परत फिरते किंवा ठिणगी पडते. पुढच्या खोल्यात आरसीसी कॉलम असतील तर मशीनवाल्यानं ते कुठं आहेत हे आधी विचारायला पाहिजे होतं.

शंकासुर

बगा, मी आधीच म्हणलं होतं.

परभणीकरीण

तुम्ही वेगळंच म्हणलं होतं भाऊ 😄

मांजराकाठचा

मोजलं. गावातल्या सोनारानं आधी येड्यात काढलं, मग त्यालाच मजा वाटायली.

रस्त्याकडची भिंत, खालचा तुकडा १९८ ग्रॅमचा वाळून १८५ झाला, वरचा २०६ चा १९९. पुढच्याच खोल्यांची मागची भिंत, जिच्या पलीकडं आमची मोरी आहे, तिचा खालचा तुकडा २१४ चा १८५ झाला! वरचा २१० चा २००. दोन्ही भिंती एकाच पुरात, एकाच उंचीपर्यंत बुडालेल्या.

सिव्हिलवाला_लातूर

सुंदर. कोरड्या वजनावर काढा. रस्त्याकडची भिंत खाली सात टक्के, वर साडेतीन, म्हणजे पुराचं पाणी सोडत चाललीय, वाळतीय. मोरीकडची खाली पावणेसोळा, वर पाच. ती वीट जवळजवळ पोटभर प्यालेली आहे आणि पुराला इतके दिवस झाले. हे पुराचं पाणी नाही, हिला रोज कोणीतरी पाजायलंय. मोरीचं पाणी कुठं जातं?

मांजराकाठचा

शोषखड्ड्यात. भिंतीपासून चार फुटावर असंल. पुरात गाळानं भरला, नंतर उपसला नाही. आता बघितलं तर मोरीचं पाणी खड्ड्यात जायच्या आधीच जोत्याला मुरायलंय, तिथली काळी माती चिखल झालीय.

थापीवाला

झालं तर मग. या भिंतीला जर्मनीहून मशीन आणा, वाळवून जाईल अन् महिनाभरात परत ओली. जोत्यावर डीपीसी (खालची ओल वर चढू न देणारा थर) घातलीय का विचारणार होतो, पण नसणारच, त्या काळात खेड्यात कोणी घालत नव्हतं.

आता ऐका. शोषखड्डा तिथून उचला, दहा-बारा फूट लांब न्या, मधे पक्का पाईप टाका, जोत्याला लागून बाहेरून उताराचा कोबा करा. मोरीच्या भिंतीचा गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभर दोन्हीकडनं काढा, विटेच्या सांध्यातला भुसभुशीत माल पण खरवडा. मग हात लावू नका. लोणा येईल, येऊ द्या, आठवड्याला ब्रश मारा. फाल्गुनात परत दोन तुकडे काढून सोनाराकडं जावा, तीन-चार टक्क्यावर आलं तर गिलावा करू, चुन्याचा. सिमेंट नको अन् वर ऑइलपेंट तर नकोच, चुन्याची सफेदी मारा, लग्नघर उजळ दिसंल.

मांजराकाठचा

चुना भिजवून घालणारा माणूस मिळंल का आता? सगळे रेडिमेड बॅगवाले.

थापीवाला

मिळतो, पण आत्ताच सांगून ठेवा. चुना महिनाभर तरी पाण्याखाली मुरला पाहिजे, लग्नाच्या आठ दिवस आधी फोन केला तर कोणी येत नाही. वाळू बिनखाराची घ्या, पुरानं आणलेला गाळ-वाळू वापरू नका.

परभणीकरीण

आणि पाव्हणे रस्त्याकडच्या खोलीत उतरवा, मोरीकडची खोली भांडी-सामानाला ठेवा. चैत्रापर्यंत नाहीच वाळली तर उघड्या विटेपुढं पडदा सोडा, लग्नात भिंत कोण बघतंय.

जालना_ते_ब्रनो

एक राहिलंच. माळवदाच्या तुळया भिंतीत जिथं घुसतात तिथं पाणी पोचलं होतं का? मशीनचा खरा उपयोग मी इकडं लाकडातच जास्त बघितलाय, तुळईच्या आत पंचावन्न-साठ अंश गेलं की किडा अंड्यासकट मरतो आणि लाकूड उघडावं लागत नाही. वाळवीचं वारूळ जमिनीत असलं तर मात्र ती परत येते.

मांजराकाठचा

पाणी तुळयांपर्यंत नव्हतं पोचलं, पण माळवद वरून गळलंय पावसात. एका तुळईच्या टोकाला भुगा पडलेला दिसतो खरा, किलचणातून (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांतून) पण थोडा. सागवान आहे पण जुनं.

थापीवाला

पेचकस घ्या अन् भिंतीला टेकती तिथंच टोचून बगा. टोकच घुसलं तर वरची साल गेलीय, चालतंय. मुठीपर्यंत आत गेलं तर तिच्याखाली आजच टेकू लावा, अन् त्या खोलीत कोणाला झोपवू नका. वर पांढरी मातीचा भार टनांनी असतो. फोटो टाका.

मांजराकाठचा

अर्ध्यापर्यंत गेलं. टेकू आणायला माणूस पाठवलाय, फोटो दुपारी टाकतो. पार्टीवाल्याचा फोन आलता, पलीकडच्या म्हातारीचं काय करणार विचारलं तर म्हणला साहेबांना विचारून सांगतो.